‘कोणी पाहिले?’ : उत्क्रांतीचा पुरावा आणि सृष्टिनिर्मितीवादी आक्षेप — एक चिकित्सा

जानेवारी २०१८ मध्ये वैदिक संमेलनानिमित्त औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे आले असता तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे पूर्वजांपैकी कोणी सांगितले वा लिहिलेले नाही, मानव प्रारंभापासून मानवच आहे आणि अभ्यासक्रमात तसा बदल व्हावा, असा त्यांचा आशय होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचा प्रतिवाद केला. तो आवश्यकच होता. परंतु निवेदन संक्षिप्त असल्याने ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे सविस्तर उत्तर वर्गातील अध्यापकावरच राहिले.

या प्रश्नाला मराठी अध्यापनानेही काही अंशी खतपाणी घातले आहे, हे मान्य करावे लागते. संस्कृतात ‘उत्क्रांती’ म्हणजे वर जाणे, तसेच प्राणाचे देहातून निघून जाणे. मराठीत या शब्दाला शिडीचा अर्थ चिकटला आणि ‘माकडापासून माणूस’ हे सूत्र फळ्यावर आले. वस्तुतः मानव व चिंपांझी यांचे पूर्वज समान होते, एवढेच सिद्धांत सांगतो. दशावतारांत डार्विन शोधणारेही ही शिडीच पक्की करतात.

पाहण्याचाच आग्रह असेल तर फार दूर जाण्याचे कारण नाही. त्या विधानाच्या आधीच्याच खरिपात, २०१७ मध्ये, मराठवाडा व विदर्भातील कापूस गुलाबी बोंडअळीने पोखरला होता. बीटी वाणाला भारतात २००२ मध्ये व दोन जनुकांच्या वाणाला २००६ मध्ये मान्यता मिळाली. विषप्रथिनाला दाद न देणारा जनुकीय बदल असलेल्या थोड्या अळ्या जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली. फरदड घेण्याच्या प्रथेने त्यांना हंगामाबाहेरही अन्न मिळाले. बियाण्याच्या पिशवीसोबत मिळणाऱ्या बिगर-बीटी बियाण्याच्या पुडीमागे नैसर्गिक निवडीचेच गणित होते. बांधावर बिगर-बीटी कापूस असला की विषाला बळी पडणारे पतंगही टिकतात आणि संकरातून प्रतिकारशक्ती विरळ होते. ती पुडी अनेकदा पेरलीच गेली नाही. पाटोद्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी वर्गात बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी या निवडीची किंमत मोजली गेली आहे.

‘अळी शेवटी अळीच राहिली’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो अगदीच टाकाऊ नाही. पंधरा वर्षांत नवा प्राणिवर्ग दिसत नाही. तेथे पुरावा साक्षीदाराचा नसून खुणांचा असतो. मानवात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझीत २४. दोन गुणसूत्रे जोडली गेली असतील तर सांधा सापडला पाहिजे. मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्यभागी टोकांचे अवशेष सापडले. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातील सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या ‘इंडोहायस’ या लहान खुरधारी प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या धाटणीचे असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. देवमासा जमिनीवरून पाण्यात गेला, हेही कोणी पाहिलेले नाही.

अभ्यासक्रमातील बदल मात्र भाषणाशिवायही घडतो. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला व १८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी खुल्या पत्राद्वारे आक्षेप घेतला. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा दुसऱ्या भागातील पहिलाच पाठ होता. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम राहिला. परंतु दहावीनंतर कला वा वाणिज्य शाखेकडे वळणारा विद्यार्थी तेथपर्यंत पोहोचत नाही.