हुक कोणाच्या हाती? स्टँडर्ड लायब्ररीतील एका सोयीची चिकित्सा

संगणकीय भाषांच्या स्टँडर्ड लायब्ररीत काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या असतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तेथे आपले फंक्शन बसवावे आणि प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररीने ते ठरल्या क्षणी बोलवावे, अशी ही योजना. तिला हुक म्हणतात. अध्यापनात हुकचा परिचय बहुधा ‘लवचीकता’ या एका शब्दात आटोपतो. तथापि हुक कोणी बसवावा, केव्हा बदलावा आणि तो काढण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्याहून मूलभूत आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार मुख्यतः ग्नू सी लायब्ररीच्या आधारे केला आहे.

या लायब्ररीत मेमरी मागणाऱ्या ‘मॅलॉक’ व परत करणाऱ्या ‘फ्री’ या फंक्शनांसाठी हुक होते. मेमरीची गळती शोधण्यास ते अत्यंत उपयुक्त ठरत. परंतु त्यांचे स्वरूप म्हणजे कोणालाही लिहिता येईल असे जागतिक पॉइंटर. अधिकृत मार्गदर्शिकेतील उदाहरणच पाहण्यासारखे आहे. हुकमधील फंक्शन प्रथम जुना हुक परत बसवते, मग मूळ मॅलॉक बोलावते, नोंद छापते आणि शेवटी स्वतःला पुन्हा जागेवर ठेवते. मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने मेमरी मागितली, तर ती मागणी नोंदीतून निसटते. दौंड जंक्शनवर गाडी सांध्यावर असताना सांधा बदलता येऊ नये म्हणून इंटरलॉकिंग असते. येथे सांधा होता, इंटरलॉकिंग नव्हते. एक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅमच्या काळात हे खपून गेले, एवढेच.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. मेमरीतील एखाद्या चुकीचा फायदा घेऊन ‘फ्री’च्या हुकमध्ये ‘सिस्टिम’ या फंक्शनचा पत्ता लिहिता आला, की पुढच्या साध्या ‘फ्री’सरशी हल्लेखोराची आज्ञा चालू लागे. तपासणीसाठी ठेवलेली खिडकी चोरवाट झाली. 2016 मधील 2.24 या आवृत्तीत आरंभाचा हुक वगळला गेला. ऑगस्ट 2021 मधील 2.34 या आवृत्तीत उरलेले हुक निष्प्रभ करण्यात आले. या बदलाचे काम सिद्धेश पोयरेकर यांनी केले. पुण्यात अनेक वर्षे काम केलेला हा अभियंता 2017 मधील दोन आवृत्त्यांचा प्रकाशन-व्यवस्थापकही होता. अशा ग्रंथालयांचे कर्ते आपल्याच जिल्ह्यात काम करून गेले, हे आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते.

निर्णय योग्यच होता; मात्र त्याची अंमलबजावणी निर्दोष म्हणता येत नाही. जुने प्रोग्रॅम आजही चालू होतात, कारण हुकची नावे सुसंगतीसाठी शिल्लक ठेवली आहेत; पण त्यांतील फंक्शन कोणी बोलावीतच नाही. तपासणी चालू आहे असे वाटावे आणि ती बंद असावी, ही स्थिती स्पष्ट त्रुटी-संदेशाहून वाईट. स्वतंत्र तपासणी-लायब्ररी आधी जोडून जुनी सोय मिळवता येते, परंतु ती जोडतो प्रोग्रॅम चालविणारा. म्हणजे अधिकार लेखकाकडून चालकाकडे गेला. या बदलाचा खरा अर्थ हाच.

पायथनने हा अधिकार दोघांत वाटला. 2018 च्या 3.7 आवृत्तीत आलेले ‘ब्रेकपॉइंट’ हे फंक्शन एका हुकमार्फत चालते. चालकाने ‘पायथनब्रेकपॉइंट’ हे पर्यावरण-चल शून्य केले की थांबे निष्क्रिय होतात. व्यवस्था सुबक आहे, पण ते चल वाचण्याचे काम मूळ हुकच करतो. लेखकाने हुकच बदलला असेल, तर चालकाचे शून्य कोणी पाहत नाही. याउलट 2019 च्या 3.8 आवृत्तीतील ऑडिट-हुक एकदा बसविला की काढता येत नाही. नोंद ठेवणाऱ्याला नोंद होणाऱ्याने हटवू नये, ही भूमिका त्यामागे आहे. तरीही तो संरक्षक भिंत म्हणून वापरू नये, असे पायथनची अधिकृत कागदपत्रेच बजावतात. फंक्शन-पॉइंटर शिकविताना केवळ त्याच्या लेखनपद्धतीवर तास खर्ची घालणाऱ्या अभ्यासक्रमात ही तीन उदाहरणे शेजारी ठेवण्यास अर्धा तासही पुरेसा आहे.