वारा, भूकंप आणि उंच इमारती : एका गृहीतकाची चिकित्सा

किनारपट्टीवरील उंच इमारतींच्या अभिकल्पात वाऱ्याच्या बलाचे प्राबल्य असते. भारतीय मानक ८७५ (भाग ३) मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. भारतीय मानक १८९३ च्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांनी हे शहर भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये ठेवले. गणितात वाऱ्याचे बल भूकंपबलापेक्षा अधिक आले की इमारत भूकंपासही समर्थ आहे, असे पुष्कळदा मानले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

मूळ दोष असा की, ही दोन बले एका जातीची नाहीत. वाऱ्याचे बल इमारतीने स्थितिस्थापक मर्यादेत राहून पेलावे, अशी अपेक्षा असते. भूकंपबल मात्र प्रतिसाद-न्यूनीकरण गुणकाने भागून आधीच कमी केलेले असते. विशेष तन्य चौकटींसाठी हा गुणक ५ आहे. मुंबईत मध्यम प्रतीच्या जमिनीवरील, ४ सेकंद दोलनकालाच्या सामान्य इमारतीसाठी २००२ च्या सूत्राने हे बल वजनाच्या सुमारे ०.५४ टक्के येते. २०१६ च्या आवृत्तीने त्यासाठी १.१ टक्क्यांची किमान मर्यादा घातली. वाऱ्याचे बल २ टक्के धरल्यास तेच वरचढ दिसते. परंतु न्यूनीकरण न करता, कमाल विचाराधीन भूकंपासाठी सूत्रातील बल ५.४ टक्क्यांवर जाते. ही तफावत मुख्यतः तन्यतेनेच भरून निघावयाची असते आणि वाऱ्याचे गणित तन्यतेची हमी देत नाही.

शिवाय वारा दर्शनी पृष्ठभागावर, तर भूकंप वस्तुमानावर कार्य करतो. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून सुमारे २५० किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत, वाहनतळासाठी तळमजला मोकळा सोडलेल्या अनेक इमारती कोसळल्या. १९८५ मध्ये मेक्सिको शहरात जुन्या सरोवराच्या मऊ मातीने दूरच्या भूकंपाची दीर्घ दोलने वाढविली. भराव घातलेल्या जमिनीवरील मुंबईस हे दोन्ही धडे लागू पडतात.

वाऱ्यासाठी दिलेली दृढता पार्श्वविस्थापन आटोक्यात ठेवते, हे मान्य केले पाहिजे. तथापि तन्य तपशिलांचे मानक १३९२० हे १९९३ मध्ये आले. त्यापूर्वीच्या इमारतींत स्तंभांच्या टोकांशी व सांध्यांत पुरेशा कड्या असतीलच असे नाही. म्हणून मूल्यमापनात केवळ बलांची तुलना न करता मोकळे मजले, सांध्यांतील सळया, स्तंभ-तुळयांचे सापेक्ष सामर्थ्य आणि जमिनीची प्रत यांची प्रत्यक्ष तपासणी झाली पाहिजे. इमारतीने अनेक पावसाळे झेलले, हा तिच्या भूकंपक्षमतेचा पुरावा ठरत नाही.