अनुक्रमांक आणि उत्पादन : जुन्या जर्मन बंदुकांच्या मोजणीचे परीक्षण

जुन्या जर्मन लष्करी बंदुकांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक रीत रूढ झाली आहे. पाहण्यात आलेल्या बंदुकांवरील अनुक्रमांक टिपावयाचे, त्यांतील सर्वांत मोठा अंक घ्यावयाचा, आणि त्यावरून त्या कारखान्यात एकूण किती बंदुका घडल्या हे सांगावयाचे. या रीतीमागे संख्याशास्त्राचा आधार आहे असे सांगितले जाते. आधार आहे, हे खरे. परंतु तो कोणत्या अटींवर मिळतो याची छाननी क्वचितच होते, आणि अटींवाचून घेतलेले आकडे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात अखेर इतिहास म्हणून स्थिरावतात.

या पद्धतीची कीर्ती दुसऱ्या महायुद्धातील आहे. रिचर्ड रगल्स आणि हेन्री ब्रोडी यांनी १९४७ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जून १९४० मध्ये जर्मनीत महिन्याला सुमारे १,००० रणगाडे तयार होतात असा हेरखात्याचा कयास होता. अनुक्रमांकांवरून निघालेला आकडा १६९ होता, आणि युद्धानंतर हाती आलेल्या जर्मन दप्तरात तो १२२ निघाला. ऑगस्ट १९४२ साठी हेच तीन आकडे अनुक्रमे १,५५०, ३२७ आणि ३४२ असे होते. एवढा नेत्रदीपक पडताळा क्वचितच एखाद्या गणिती पद्धतीच्या वाट्याला येतो. मात्र या यशाचे श्रेय सूत्राला देणे हा अन्याय होय. गीअरपेटी, एंजिन आणि सांगाडा यांवरील क्रमांकांच्या मालिका कशा चालतात, त्या कोठे तुटतात, चाकांच्या रबरी धावांवरील साच्यांचे अंक काय सांगतात, हे उलगडण्यातच त्या अभ्यासकांचे खरे श्रम खर्ची पडले. सूत्र वापरण्याची वेळ आली तेव्हा निम्म्याहून अधिक काम झालेले होते. संग्राहकांनी घेतले ते सूत्र. श्रम मागेच राहिले.

सूत्र साधे आहे. १ पासून N पर्यंत अखंड क्रमांक दिलेले असून त्यांतून k क्रमांक यदृच्छेने हाती आले आणि त्यांतील महत्तम m असेल, तर N चा अनभिनत अंदाज m + m/k − १ इतका येतो. एकच क्रमांक दिसला असेल तर तो २m − १ होतो. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी आपल्या संभाव्यताविषयक ग्रंथात न्यूमन यांनी सांगितलेला एक प्रश्न चर्चिला आहे : परक्या शहरात उतरलेल्या माणसाला १०० क्रमांकाची ट्रॅम दिसली, तर त्या शहरात एकंदर ट्रॅमगाड्या किती असाव्यात? निराळ्या वाटेने जाऊनही उत्तर २०० च्या आसपासच येते. याच जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली केंब्रिजला संशोधन करून आलेल्या वि. श. हुजूरबाजार यांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि पर्याप्त संख्यानकांच्या सिद्धान्तात मोलाची भर घातली. प्रस्तुत प्रश्नात महत्तम अंक हाच पर्याप्त संख्यानक आहे. म्हणजे गृहीत प्रतिमान खरे असेल तर नमुन्यातील उरलेले अंक N विषयी अधिक काहीच सांगत नाहीत. येथेच गफलत होते. उरलेले अंक N विषयी मुके असले, तरी प्रतिमान खरे आहे की नाही हे सांगणारे साक्षीदार तेच आहेत. केवळ महत्तम अंक नोंदवून बाकीचे टाकून देणारा संग्राहक स्वतःच्या अनुमानाची परीक्षा घेण्याचे एकमेव साधन गमावून बसतो.

ही अडचण समजण्यासाठी ओबेर्नडोर्फला किंवा श्पांडाऊला जाण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातील प्रेसच्या आवारात ती दिसते. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या कायद्याने दाबलेल्या प्रत्येक गाठीवर कारखान्याची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक घालण्याचे बंधन आणले. वणी, पांढरकवडा, दारव्हा, यवतमाळ येथील गाठी मुंबईच्या गोदामात एकत्र आल्या, तरी खूण पाहून त्या वेगळ्या करता येत. समजा, एका प्रेसच्या एका हंगामातील पाच गाठी दिसल्या आणि त्यांचे अंक ११२, ४३१, ६४०, ८७७ व १,१९० असे आहेत. अंदाज १,१९० + २३८ − १, म्हणजे १,४२७ गाठींचा. दुसऱ्या प्रेसच्या चार गाठींतील महत्तम अंक ७६० असेल तर तिचा अंदाज ९४९. दोहोंची बेरीज २,३७६. आता खुणा पुसल्या गेल्या असे मानून नऊही अंक एकाच थैलीत टाकले, तर सूत्र सुमारे १,३२१ हे उत्तर देते. दोन प्रेसचे मिळून उत्पादन पहिल्या एकटीहूनही कमी भरले! माहिती वाढली आणि अंदाज बिघडला. सूत्राचा यात काडीमात्र दोष नाही. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. मालिका १ पासून सुरू झाली की नाही हेच ठाऊक नसेल, तर लिओ गुडमन यांनी १९५२ साली विवेचिलेल्या रीतीने महत्तम व लघुतम अंकांमधील अंतर वापरावे लागते. वरील पाच गाठींचे अंतर १,०७८; त्याला ६/४ ने गुणून १ वजा केला की उत्तर १,६१६ येते. आरंभाविषयीच्या अज्ञानाने अंदाज १८९ गाठींनी सरकला.

जर्मन बंदुकांच्या बाबतीत खूण पुसणे याचा अर्थ काय, हे १८९८ च्या नमुन्याच्या माउझर बंदुकीवरून कळते. ती श्पांडाऊ, एर्फुर्ट, डान्झिग व आम्बेर्ग येथील सरकारी शस्त्रशाळांत आणि माउझरसह अनेक खासगी कारखान्यांत तयार झाली. प्रत्येक कारखान्याची मालिका दर वर्षी नव्याने सुरू होई. सुमारे दहा हजार बंदुका झाल्या की अंक पुन्हा १ वर येई आणि त्याच्या शेवटी a, मग b, मग c अशी अक्षरे जोडली जात. तेव्हा ४३२१ c या क्रमांकाचा अर्थ त्या कारखान्याची त्या वर्षातील जवळजवळ ३४,३२१ वी बंदूक असा होतो. ज्याने अक्षर टिपले नाही त्याच्या यादीत अंक दहा हजारांच्या वर जाऊच शकत नाही. नमुना जितका मोठा, तितका त्याचा अंदाज दहा हजारांवर अधिक निश्चयाने स्थिरावेल. प्रमाणदोष लहान होत जाईल आणि चूक मात्र तशीच राहील. १९३४ नंतरच्या आखूड नमुन्यावर आणखी एक सापळा आहे : तेथे एस/४२ या सांकेतिक नावाशेजारी K किंवा G हे अक्षर दिसते. ते मालिकेचे अक्षर नसून अनुक्रमे १९३४ व १९३५ या वर्षांची खूण आहे.

या पद्धतीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप मात्र वेगळाच असतो : असंख्य बंदुका रणांगणात, भट्टीत आणि समुद्रात नाहीशा झाल्या, मग उरलेल्यांवरून मूळ संख्या कशी कळावी? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. वस्तुतः तो दुबळा आहे. एका कारखान्याच्या एका वर्षातील शंभरांतील एकच बंदूक उरली असेल, पण उरण्याची शक्यता प्रत्येक क्रमांकाला सारखीच असेल, तर अंदाजाला धक्का लागत नाही. फक्त त्याची अनिश्चितता वाढते. धोका आहे तो क्रमांकावर अवलंबून असलेल्या टिकावाचा. बंदुका गठ्ठ्यांनी पलटणींना जातात, गठ्ठ्यांनी विकल्या जातात आणि गठ्ठ्यांनीच टिकतात. १९१४ साली हाउथ व किलकूल येथे आयरिश स्वयंसेवकांसाठी उतरविलेल्या १,५०० जुन्या माउझर बंदुका हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा एका खरेदीतून आलेले वीस क्रमांक म्हणजे वीस स्वतंत्र साक्षी नव्हेत. क्रमाने मांडलेल्या अंकांमधील अंतरे तपासली तर हा गठ्ठेपणा उघड होतो. त्यासाठी संपूर्ण यादी लागते, नुसता महत्तम अंक पुरत नाही.

उलट टोकाचे उदाहरण भारतातच घडले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले क्रांतिकारकांनी पळविली. प्रत्येकाचा क्रमांक कंपनीच्या दप्तरात असल्यामुळे पुढे जे पिस्तूल सापडे ते त्या पन्नासांपैकी आहे की नाही हे तत्काळ ठरे. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालापर्यंत त्यांपैकी ३१ परत मिळाली होती. येथे N अज्ञात नव्हता, म्हणून अनुमानाची गरजच पडली नाही.

श्पांडाऊच्या बंदुकांना हे भाग्य नाही. प्रशियाच्या सैन्याचे दप्तर एप्रिल १९४५ मधील पॉट्सडॅमवरील बॉम्बहल्ल्यात बहुतांशी जळाले. रणगाड्यांच्या अंदाजांना जर्मन कागदपत्रांची कसोटी लाभली. या बंदुकांच्या अंदाजांना ती बहुधा कधीच लाभणार नाही. अशा स्थितीत एकच ठोकळ आकडा छापण्यापेक्षा कारखाना, वर्ष, अक्षर आणि अंक यांची साद्यंत यादी, ती कोठून व कशी जमली यासह छापणे अधिक उपकारक ठरेल. वऱ्हाडातील कापसाच्या उत्पन्नाचे सरकारी अंदाज आणि प्रत्यक्ष दाबलेल्या गाठी यांचा मेळ बसेना, तेव्हा वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात हाती घेतलेल्या पीककापणी प्रयोगांत आधी शेतांची निवड यदृच्छेने करण्याची शिस्त घातली. त्यांना शेत निवडता येत होते. बंदुकांच्या अभ्यासकाला नमुना निवडता येत नाही, तो त्याच्याकडे चालत येतो. म्हणून तो कोणत्या वाटेने आला, हे टिपणे त्याच्याकडून चुकता कामा नये.