टंकनशैलीवरून ओळख : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
हस्ताक्षराप्रमाणे प्रत्येकाची टंकनाची लयही वेगळी असते, या गृहीतकावर स्मार्टफोन वापरकर्त्याच्या अखंड प्रमाणीकरणाची संकल्पना उभी आहे. कळ किती वेळ दाबली गेली आणि दुसऱ्या कळेवर जाण्यास किती अवधी लागला, यांवरून फोन आपल्या मालकास ओळखतो. पासवर्ड एकदाच विचारला जातो. ही तपासणी मात्र सतत चालते. त्यामुळे उघडा फोन चोरीस गेल्यास ती उपयुक्त ठरते. कल्पना सर्वस्वी नवी नाही. तारयंत्राच्या काळी अनुभवी तारमास्तर ‘कड्‌कट्ट’च्या लयीवरून पलीकडचा सहकारी ओळखीत.

विवेचन :
सितोवा व सहकाऱ्यांचा २०१६ मधील अभ्यास येथे विचारात घेता येईल. १०० व्यक्तींच्या या अभ्यासात कळा, स्पर्श व हाताची हालचाल एकत्र घेता समत्रुटी दर चालताना ७.१६, तर बसलेले असताना १०.०५ टक्क्यांपर्यंत खाली आला. या दराच्या ठिकाणी परक्यास प्रवेश मिळण्याचे व खऱ्या मालकास नाकारण्याचे प्रमाण समान असते. म्हणजेच बसून टंकन करणारा मालक दहांपैकी सुमारे एका तपासणीत परका ठरेल.

मराठी वापरकर्त्याबाबत अडचण अधिक आहे. ‘विद्या’ हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये सहा कळांनी, तर रोमन लिपीतून पाच अक्षरांनी उमटतो. एकच व्यक्ती दोन्ही पद्धती आलटूनपालटून वापरते. मग तिची ‘लय’ कोणती मानावी?

दुसरे गृहीतक ‘एक फोन, एक व्यक्ती’ हे होय. कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावी वडिलांचा फोन सायंकाळी मुलीच्या अभ्यासाला लागतो. शिष्यवृत्तीचा ओटीपीही त्यावरच येतो. अर्जाच्या अखेरच्या दिवशी फोनने तिला परकी ठरविले, तर नुकसान यंत्राचे नव्हे, विद्यार्थिनीचे होईल.

तिसरा प्रश्न संमतीचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणास मूलभूत हक्क मानले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध करण्याची तरतूद आहे. बोटांची लय नकळत नोंदविली जात असल्याने ही सूचना विशेष आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
हे तंत्र त्याज्य नाही. मात्र त्यास एकमेव पहारेकरी नेमणे घाईचे होईल. संशय येताच फोन बंद करण्याऐवजी पासवर्ड पुन्हा विचारावा, कुटुंबातील एकाहून अधिक व्यक्तींची नोंद करण्याची सोय असावी आणि चाचण्या देवनागरी टंकनावरही व्हाव्यात. ग्रामीण महाविद्यालयांतील संगणक व भाषा विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घेणे उचित ठरेल.