ऑगस्टसने न घेतलेली नावे

रोमचे प्रजासत्ताक कधी संपले, असे इतिहासकारांना विचारावे तर कोणी इ.स.पूर्व ४९ सांगतो, कोणी ३१, कोणी २७. ज्याने ते संपवले त्याच्या लेखी ते संपलेच नव्हते! ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा वृत्तांत स्वतः लिहून ठेवला. इ.स. १४ मध्ये तो वारल्यावर रोममध्ये त्याच्या समाधीसमोर हा मजकूर ब्राँझवर कोरून लावण्यात आला. ते ब्राँझ गेले. आपण वाचतो तो मुख्यतः आजच्या अंकारा शहरातील एका मंदिराच्या भिंतींवरचा लॅटिन-ग्रीक पाठ. छोटी छोटी ३५ प्रकरणे.

या लेखाला सरसकट खोटारडा म्हणण्याची रीत मला आळशीपणाची वाटते. त्यातली खोटी विधाने शोधावी लागतात. न केलेली विधाने मात्र जागोजागी आहेत. ब्रूटस आणि कॅसियस म्हणजे नुसते बापाचे मारेकरी, अँटनी म्हणजे एक गट, सेक्स्टस पाँपीची माणसे तर चाचे. आपल्या ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्ती हरलेल्या हर्षाचे नाव घेतो, वर त्यावर श्लेषही साधतो. शत्रू थोर तर विजय थोर. आश्रयाला आलेल्या परक्या राजांची नावे ऑगस्टसही देतो. गळतात ती त्याच्याशी लढलेल्या रोमनांची. यादवी युद्धे लढल्याचे तो कबूल करतो, पण नाव दिले की समोरच्याला बाजू येते, त्याचे म्हणणे येते.

आपण दहा वर्षे त्रिकुटात होतो, एवढे तो नोंदवतो. इ.स.पूर्व ४३ मध्ये त्याच त्रिकुटाने काढलेल्या मृत्युयादीचा उल्लेख नाही. १९ वर्षांच्या या पोराची सिनेटमध्ये तरफदारी करणारा सिसेरो त्याच यादीत होता. तो जिथून भाषणे करी, त्याच व्यासपीठावर त्याचे मुंडके टांगले गेले.

सर्वांत कसबी आहे ते ३४ वे प्रकरण. राज्य सिनेटच्या आणि जनतेच्या हवाली केल्यावर आपले वजन सर्वांहून अधिक होते, पण अधिकार प्रत्येक पदावरच्या सहकाऱ्याइतकाच, असा त्याचा दावा. पदे एकेक करून तपासली तर तो खोडणे कठीण. पण ट्रिब्यून न होता ट्रिब्यूनचे अधिकार आणि बहुतेक फौज असलेले प्रांत एकाच माणसाकडे, ही बेरीज त्या वाक्यात नाही. ती टॅसिटसने सुमारे १०० वर्षांनी केली. पदांची नावे जुनीच राहिली, हे त्याने नेमके हेरले.

ऑगस्टस वारला तेव्हा अ‍ॅक्टियमच्या लढाईच्या वर्षी जन्मलेला रोमन चव्वेचाळिशीला आला होता. नवे कॉन्सल त्याने दरसाल पाहिले होते.