नमुन्याची सही

बँकेत बावीस वर्षं मी एकच काम मन लावून केलं आहे : चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहणं. एवढ्या भांडवलावर 'कट्यार काळजात घुसली' या २०१५ सालच्या चित्रपटाच्या संगीताबद्दल बोलू नये, असं सौ.चं मत आहे. तिच्या मताची नोंद घेऊन पुढे जातो.

मूळ नाटक १९६७ चं. लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, चाली जितेंद्र अभिषेकींच्या आणि खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा. म्हणजे आमच्या मोताळ्याहून मलकापूर गाठावं आणि नागपूरकडची गाडी धरावी, की वाटेतच. शिवाय त्यांनी बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. असा माणूस कारकुनाला परका कसा वाटेल?

वडिलांकडे नाटकाच्या पदांची कॅसेट होती. 'घेई छंद मकरंद'मध्ये एका तानेवर फीत चुरगळलेली. तिथं वसंतराव एक गटांगळी खाऊन पुन्हा वर येत. ती गटांगळी आम्हां सर्वांना पाठ होती. पुढे टीव्हीवर चित्रपट लागला, ते पद आलं, आणि गायक त्या जागेवरून सरळ पोहत निघून गेला. वडील म्हणाले, "हुकलं!"

तर चित्रपटात दोन खाती आहेत. जुन्या खात्यात अभिषेकींच्या चाली, नव्या गळ्यांतून. नव्या खात्यात शंकर-एहसान-लॉय यांची कोरी गाणी. 'सूर निरागस हो' जुन्यांच्या पंगतीत मांडी घालून बसतं. कुणी पाट मागे ओढत नाही. 'अरुणी किरणी'ने महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, तो योग्यच. 'यार इलाही' ही कव्वाली मात्र, कानाला गोड असूनही, बदलीची नोकरी करणारी वाटते. उद्या दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात रुजू होईल. आणखी एक तक्रार म्हणजे आवाज फार धुतलेला आहे. श्वाससुद्धा इस्त्री करून घेतलेला.

आता मुद्द्याचं. जुनी पदं पुन्हा गायची ती कशी? आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. नमुन्याशी रेघेला रेघ जुळणारी सही आली, की कारकून सावध होतो. खरा माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही. काचेवर कागद धरून गिरवणारा करतो. पडद्यावर खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, पण गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडे यांचा. त्यांनी आजोबांना गिरवलेलं नाही. वळण घरचं आहे, लेखणीचा दाब स्वतःचा. आणि नाटकाचं म्हणणं तरी दुसरं काय आहे? 'घेई छंद' हे एकच पद पंडितजी संथ चालीत गातात आणि खाँसाहेब द्रुत. शब्द तेच, सही ज्याची त्याची. ज्या नाटकात मूळ गाणंच दोन चालींचं, तिथं हुबेहूब नक्कल करणाराच खरा हुकला म्हणायचा.

हे सगळं मी वडिलांना समजावलं. ते म्हणाले, "पन हे गाऊन कोन रायलं?"

"वसंतरावांचा नातू."

ते गप्प बसले. मग म्हणाले, "वाढव थोडा आवाज."

गेल्या महिन्यात त्यांची विड्रॉलची स्लिप आमच्या काउंटरला आली. हात आता कापतो. सही नमुन्याशी जुळेना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"वळण तेच आहे, साहेब," मी म्हणालो.

पैसे मोजून घेताना वडील 'घेई छंद' गुणगुणत होते. नेमक्या जागी गटांगळी खाल्लीच.