कॉलेजच्या मॅचला माणूस का येत नाही? माझी फसलेली प्रश्नावली आणि थोडी टीका

गेल्या महिन्यात एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक भेटले. (कॉलेजचं नाव सांगत नाही, तशी त्यांची विनंती आहे.) कॉलेजनं नवा फुटबॉल संघ उभा केलाय. किट आलंय, प्रशिक्षक नेमलाय, मैदानावर रोलर फिरलाय. अडचण एकच, मॅचला माणूस येत नाही. सर म्हणाले, "मॅडम, तुमची पीएचडी याच्यावरच आहे ना? मग सांगा की, प्रेक्षक कसे वाढवायचे?"

मी सांगितलं. चांगली दहा मिनिटं सांगितलं. नवेपणाचा फायदा घ्या, सोशल मीडियावर रील टाका, विद्यार्थ्यांना टी-शर्ट वाटा, एखादा नावाजलेला खेळाडू संघात घ्या. सरांनी लिहून घेतलं. शाहूपुरीत घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी बोलले त्यातलं एक वाक्यही कोल्हापूरचं नव्हतं. सगळं वाचलेलं होतं, आणि जिथं वाचलं ते शोधनिबंध ज्या गावांवर लिहिलेत, तिथली माणसं वेगळ्या कारणानं मैदानात जातात. हे लिखाण म्हणजे त्या दहा मिनिटांची दुरुस्ती समजा.

आधी प्रश्न किती विचित्र आहे ते बघा. हे काही फुटबॉल माहीत नसलेलं गाव नाही. वर्ल्डकप आला की आपल्याकडे चौकाचौकात मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांच्यातल्या कुठल्याही दोघांची गाठ पडू द्या, दुपारपासून पोरं जागा धरायला जातात. आणि याच पेठांतली पोरं कॉलेजकडून खेळतात तेव्हा बघायला कोण? राखीव खेळाडू, सर, आणि चहाचा थर्मास घेतलेला शिपाई. खेळ तोच, पोरगं तेच, गाव तेच. मग माणूस कुठं जातो?

माझ्या विषयात याचं सगळ्यात जुनं उत्तर आहे, चुरस. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉलवर लिहिताना मांडलं, की निकाल जितका अनिश्चित तितका प्रेक्षक जास्त. १९६४ साली वॉल्टर नील यांनी त्यात भर घातली. जो लुईसारख्या मुष्टियोद्ध्याला पैसे मिळवायचे तर समोर श्मेलिंगसारखा तगडा गडी लागतो, म्हणून खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी संपला तर आपणही संपतो. हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला हसू येईल. १९१२ पासून खासबागेत कुस्त्या बघणाऱ्या गावाला 'जोड तोडीस तोड पाहिजे' हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पण हा सिद्धांत आपल्या फुटबॉलला मात्र नीट लागू पडत नाही. मी स्टेडियमवर बसून जे पाहिलं, त्यात गर्दी चुरशीवर ठरत नव्हती, कोण विरुद्ध कोण यावर ठरत होती. एक संघ फॉर्मात नसला तरी माणसं येतात, कारण समोरची पेठ ती पेठ आहे. खुद्द अमेरिकेतही या सिद्धांताला तडे गेलेत. कोट्स, हम्फ्रीज आणि झाऊ यांनी २०१४ साली बेसबॉलचीच आकडेवारी घेऊन दाखवलं, की घरच्या संघाच्या प्रेक्षकाला चुरशीच्या ओढीपेक्षा हरण्याची धास्ती जास्त हलवते. तो मुद्दा इथंच सोडते, कारण माझी खरी तक्रार दुसरीकडे आहे.

ती आहे 'फॅन' या शब्दाशी.

वॅन आणि ब्रॅन्सकोम्ब यांनी १९९३ साली एक मोजपट्टी तयार केली. सात प्रश्न, प्रत्येकाला १ ते ८ गुण. तुम्ही स्वतःला या संघाचे किती कट्टर फॅन समजता? तुमचे मित्र तुम्हाला किती फॅन समजतात? संघ जिंकणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं? प्रतिस्पर्धी संघ किती नावडतो? जगभर वापरली जाते ही पट्टी, आणि मीही मोठ्या हौसेनं तिचं मराठी केलं. पहिल्याच शब्दाला अडले. 'चाहता' म्हटलं तर सिनेमातल्या नटाचा वाटतो, 'समर्थक' पेपरात छापतात पण बोलत कुणी नाही. शेवटी 'फॅन'च ठेवलं आणि स्टेडियमवर गेले.

पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून वाचला आणि परत दिला. "हे बघ पोरी, मी काय फॅन-बिन न्हाई. आमच्या गल्लीतलं पोरगं हाय, म्हणून येतोय." दुसऱ्या एकानं नावडीच्या प्रश्नाला पटकन 'आठ घाला' म्हणून सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "पण ताई, बहीण त्याच पेठेत दिलीया. ते कुठं लिहायचं?"

तेव्हा मी नुसतं हसले होते. आता वाटतं, ते कुठं लिहायचं हाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. मोजपट्टी धरून चालते, की एक सुटा माणूस आहे, त्याच्यासमोर एक संघ आहे, आणि त्यानं तो संघ निवडलाय. इथं निवड झालीच नाही. माणूस ज्या गल्लीत जन्मला तिथं तालीम होती, तालमीत हौद होता, गणपती होता आणि फुटबॉलचा संघही होता. गर्दी संघाच्या आधीपासून तिथंच होती, संघ नंतर तिच्यातून निघाला.

चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा अभ्यास याच कारणानं मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत त्यांनी सोमवारी वर्गात येणाऱ्यांचे कपडे मोजले. शनिवारी संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचं नाव असलेले शर्ट जास्त दिसायचे. फोनवर विचारलं तर जिंकल्याचं सांगताना 'आम्ही' यायचं, हरल्याचं सांगताना ते कमी व्हायचं. शर्ट घालता येतो तसा काढूनही ठेवता येतो. पत्ता काढून ठेवता येत नाही. संघ हरला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी 'मी मंगळवार पेठेत राहत नाही' म्हणत नाही. संशोधकांवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, की फार घट्ट बांधलेली माणसं पराभवानंतरही संघ सोडत नाहीत, हे वॅन आणि ब्रॅन्सकोम्ब यांनीच १९९० साली दाखवलं होतं. पण तिथंही ती व्यक्तीची निष्ठा म्हणूनच मोजली गेली. गल्ली त्या हिशेबात येतच नाही.

मग नव्या संघाला कुठंच गर्दी होत नाही का? होते की. या विषयावर काम करणाऱ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओचं विद्यापीठ. (तिथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा, आपला नव्हे.) १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठानं २०११ साली पहिल्यांदा संघ उतरवला आणि पहिल्याच सामन्याला ५६,७४३ प्रेक्षक नोंदले गेले. याला नवेपणाची जादू म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. एवढ्या मोठ्या शहरात आपला म्हणावा असा मोठा फुटबॉल संघ नव्हता, आणि अलामोडोम हे अवाढव्य स्टेडियम १९९३ पासून उभं होतं. जेवण वाढायच्या आधीच पंगत बसलेली होती. सरांना मी हे उदाहरण दिलं तेव्हा विसरले, की कोल्हापूरची पंगत केव्हाच जेवून उठलीय.

आणि ते आकडेही जरा जपूनच घ्यायचे. तिकडे विद्यापीठ फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात राहायला सरासरी १५,००० प्रेक्षकांची अट अनेक वर्षं होती. प्रत्यक्ष आलेले मोजा नाहीतर विकलेली तिकिटं मोजा, दोन्ही चालायचं. मग काय होणार? २०१८ साली वॉल स्ट्रीट जर्नलनं अनेक विद्यापीठांची फाटकावरची नोंद तपासली, तर जाहीर आकड्याच्या साधारण ७१ टक्केच तिकिटं प्रत्यक्ष स्कॅन झालेली निघाली. आपल्याकडे हजेरीपटावर सह्या कशा होतात ते आठवा, म्हणजे नवल वाटणार नाही.

घराजवळचं उदाहरण हवं तर एफसी पुणे सिटी घ्या. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मलेला संघ, परदेशी खेळाडू, बालेवाडीचं मैदान, जाहिरातीला कमी नाही. २०१९ साली आर्थिक अडचणीत संघ बंद झाला आणि लीगमध्ये त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पुण्याच्या प्रेक्षकांना यात दोष देण्यासारखं काही नाही. पण पाटाकडील तालीम असं एका हंगामात दुसऱ्या शहराला जागा देऊन गेलीय, अशी कल्पना करून बघा. जमत नाही ना?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मी पेठांची आरती ओवाळतेय. तसं नाही. याच गर्दीत हुल्लडबाजी होते, दगड येतात, पोलिस बंदोबस्ताशिवाय मोठी मॅच होत नाही, आणि राड्यामुळे स्पर्धा थांबवाव्या लागल्यात. शिवाय ही गर्दी मुख्यतः पुरुषांची. माझा दादा शाळेत असल्यापासून स्टेडियमवर जायचा आणि घसा बसवून घरी यायचा. मला कुणी 'जाऊ नकोस' म्हटलं नव्हतं. कुणी 'चल' असंही म्हटलं नाही. मी पहिल्यांदा आत गेले ती हातात प्रश्नावली घेऊन, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्यात आमची शाहूपुरी १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेली व्यापारी पेठ. गूळ, अडते, ट्रक आणि स्टेशन यांच्यात वाढलेली. शिवाजी पेठेतल्या मैत्रिणीसारखं 'आमचा संघ' हे माझ्या तोंडात कधी आलंच नाही.

आणि इथंच मला सरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटतंय. ते पेठेतला गाजलेला खेळाडू आणून पेठेचा प्रेक्षक खेचू बघतायत. (सल्ला माझाच, नाकारत नाही.) तो प्रेक्षक येणार नाही. त्याला ते पोरगं आपल्या जर्सीत बघायला मिळतंच, कॉलेजच्या जर्सीत कशाला बघेल? कॉलेजात मात्र अशी कितीतरी मुलं-मुली आहेत ज्यांना पेठच नाही. राधानगरीहून, पन्हाळ्याहून, भुदरगडहून रोज एसटीनं येणारी. गडहिंग्लजसारख्या गावातून आलेली, जिथं दिवाळीतल्या फुटबॉल स्पर्धेला गाव लोटतं पण कोल्हापुरात ज्यांना कुणी विचारत नाही. हॉस्टेलवरची. आणि मुली. २०१९ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ खेळला, तेव्हा मुलींना फुटबॉलमध्ये रस नाही हे तरी कुणी मला सांगू नये.

या सगळ्यांना 'आमचा' म्हणता येईल असा संघ या शहरात फक्त कॉलेजच देऊ शकतं. पण कॉलेज करतं काय? मॅच ठेवतं चार वाजता. का, तर स्टेडियमवर चारला असते म्हणून. आणि चारला गावाकडची पोरं स्टँडवर एसटीच्या रांगेत असतात.

म्हणून सरांना परवा पुन्हा भेटले आणि आधीचा सल्ला मागं घेतला. म्हटलं, टी-शर्टचे पैसे वाचवा. मॅच मधल्या सुट्टीला जोडून कॉलेजच्याच मैदानावर घ्या. मुलींचा संघ त्याच दिवशी, आधी खेळवा. संघनिवडीत पेठेच्या नावाला भुलू नका, एखादा गगनबावड्याचा पोरगा मध्यात खेळला तर त्याच्या एसटीतली वीस पोरं थांबतील. आणि तिकिटं, लाइक असलं काही मोजू नका, डोकी मोजा. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत थांबलेली डोकी.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बारा वाजता ऊन केवढं असतंय मॅडम. आणि प्रॅक्टिकलवाल्यांना कोण सोडणार?"

दोन्ही हरकती बरोबर आहेत. उन्हावर मांडव घालता येईल. प्रॅक्टिकलसाठी सायन्सच्या विभागप्रमुखांना मी स्वतः भेटणार आहे. तोवर मोजपट्टीतले सातही प्रश्न बाजूला ठेवलेत. नव्या कागदावर सध्या दोनच आहेत: कुठल्या गावाहून येता, आणि परतीची एसटी किती वाजता?